घराचा विजेचा लोड आखाजीच्या दुपारी मोजायचा

प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरजवळच्या गावात ३० बाय ४० च्या घराचं बांधकाम चाललंय. खाली दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. वरचा मजला चार-पाच वर्षांनी. स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे. ठेकेदार म्हणतो, "फिटिंगवाला येऊन पाईप टाकून जाईल, तुम्ही टेन्शन घेऊ नका." विचारणाऱ्या भाऊंना टेन्शन आलंय. पॉइंट कुठे ठेवायचे, वायर कोणत्या मापाची, थ्री फेज (तीन जिवंत तारांचं वीज कनेक्शन) घ्यायचं की नाही, हे त्यांना समजून घ्यायचंय.

भाऊ, टेन्शन आलं ते चांगलं झालं. मी २६ वर्षं विजेच्या फिटिंगचं हेच काम करतोय, आधी अमळनेरला दुसऱ्याच्या हाताखाली, मग स्वतःचं. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी फिटिंगवाला येतो, "पंखा मधोमध ना?" असं विचारतो आणि दोन तासांत पाईप टाकून निघून जातो. त्या दोन तासांत ठरलेलं घर पुढे चाळीस वर्षं वापरायचं असतं.

तुमच्याकडे आठ दिवस आहेत. आधी एक काम करा. घरातल्या सगळ्यांना बसवा आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, दुपार डोळ्यासमोर आणा. लेकीबाळी माहेरी आल्यात, घरात पंधरा माणसं, बाहेर ४४-४५ अंश. कोण कुठे आडवं झालंय? कूलर कोणत्या खिडकीत आहे? एसीच्या खोलीत किती जण घुसलेत? मागच्या अंगणात मांड्यांची, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्यांची, चूल पेटलीय का? पुण्या-मुंबईच्या घराचे नकाशे पाहून आपल्याकडे पॉइंट काढले की हीच दुपार फसते. खान्देशातल्या घराचा सगळ्यात मोठा लोड त्याच चार तासांत येतो, म्हणून मोजायचा तोही त्याच चार तासांचा.

तुमचं मोजून दाखवतो. दीड टनाचे दोन एसी धरले तर साधारण ३२०० वॅट. गिझर २०००, बोअरची एक एचपीची मोटार सुरू असताना सुमारे १०००, इंडक्शन २०००, घरघंटी १०००, दोन कूलर मिळून ४००, फ्रिज-टीव्ही-वॉशिंग मशीन १०००, दिवे-पंखे ६००. सगळी बेरीज ११ किलोवॅटच्या वर जाते आणि माणूस घाबरतो. पण मे महिन्यात गिझर कोण लावतं? घरघंटी आणि वॉशिंग मशीन सकाळी आटोपतात. आखाजीच्या दुपारी खरोखर एकत्र चालणारं म्हणजे दोन एसी, दोन कूलर, दिवे-पंखे, फ्रिज-टीव्ही, मध्येच टाकी भरायला मोटार आणि आमरसाला मिक्सर. हे झालं साडेसहा किलोवॅटच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टला २८ अँपिअर.

सिंगल फेजवर हे कागदावर बसतं. पण दुपारी डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्या गावाचा भार आला की व्होल्टेज १९० वर येतं, आणि तेवढंच काम करायला इन्व्हर्टर एसी जास्त अँपिअर ओढतो. वर तुम्हाला पुढे मजलाही चढवायचाय. माझा सल्ला असा की मीटर आज सिंगल फेजचं घ्या, घर मात्र थ्री फेजच्या तयारीचं करा. डीबीत, म्हणजे घरातल्या सगळ्या खटक्यांच्या पेटीत, सर्किटांचे तीन गट आत्ताच वेगळे ठेवा, प्रत्येकात एक मोठा लोड येईल असे. आज तिन्ही गट एकाच फेजला जोडलेले असतील, उद्या थ्री फेज घेतलं की जोड बदलायचा, भिंत फोडायची नाही. मीटरपासून डीबीपर्यंत आज १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा, पण पाईप ४० मिलिमीटरचा टाका. पाईपाला पैसे लागत नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि तो नंतर टाकायचा म्हटलं की फरशी उचलावी लागते.

आता कूलर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे.

मी धंद्यात नवा होतो तेव्हा घरी दोन खोल्या वाढवल्या. फिटिंग मीच केली. पॉइंट काढले दिव्याचे, पंख्याचे, टीव्हीचे. कूलरचा काढला नाही, कारण कूलर चार महिन्यांचा पाहुणा. उन्हाळा आला, कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढला, आणि मी पलंगामागच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढली, टू-पिनची, म्हणजे अर्थिंग नसलेली. आई म्हणाली, "हे असं लोंबतं बरं नाही." मी म्हणालो, "त्याले काय व्हस?" "त्याला काय होतंय", आपल्याकडचं हे ठरलेलं उत्तर. मे महिन्यात एका दुपारी काकू ओल्या पायांनी कूलरमध्ये पाणी सोडत होती, एका हातात नळी, दुसरा हात कूलरच्या पत्र्यावर. ती किंचाळली आणि मागे फेकली गेली. मागे फेकली गेली म्हणून वाचली. पत्र्याला धरून चिकटली असती तर मी आज हे लिहीत नसतो. पंपाची वायर टाकीच्या कडेला घासून सोलली होती. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा खटका, पडला नाही. तो पडणारही नव्हता.

हे नीट समजून घ्या. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअर खुशाल जाऊ देतो. माणसाच्या छातीतून ५० मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो, म्हणजे त्याच्या तीनशेव्या हिश्शाएवढी वीज. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. तो फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपिअर कुठे गळतायत असं दिसलं, मग ते पत्र्यातून गळोत की काकूच्या अंगातून, की पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. घरात ३० मिलिअँपिअरचाच घ्यायचा. दुकानदार १०० किंवा ३०० चा स्वस्तात देत असेल तर तो आगीपासून बचावासाठी असतो, शॉकपासून नाही. वर एक बारीक बटण असतं, टेस्ट लिहिलेलं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. बऱ्याच घरांत हे बटण लावल्यापासून कोणी दाबलेलं नसतं.

तर कूलरचा पॉइंट असा काढा. ज्या खिडकीत कूलर बसणार तिच्या बाजूला, घराच्या आतून, जमिनीपासून साडेतीन फुटांवर थ्री-पिन सॉकेट, आणि स्विच त्याच बोर्डात. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, अर्थिंगची तार असलेलीच. शेजारी भिंतीतून बाहेर पाण्याचा नळ काढा, म्हणजे नळी घेऊन पळापळ नको. कूलर खिडकीबाहेरच हवा आणि समोरची खिडकी उघडी. आपली हवा कोरडी असते म्हणून कूलर इथे काम करतो. तोच खोलीच्या आत ठेवून दारं लावली की तासाभरात अंग चिकट होतं. कोणती खिडकी, हे आज ठरवा. उत्तरेची किंवा सावलीची असेल तर बरं. आणि पाणी भरताना स्विच बंद, प्लग काढलेला, हे लेकरांनाही पाठ हवं. आरसीसीबी असला तरीही.

कूलरचा अजून एक फायदा म्हणजे लाइट गेल्यावर तो बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालतो. दीडशे-दोनशे वॅट त्याचे. १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी हिशेबाला १८०० वॅट-तासांची असते, पण तोटा आणि बॅटरीची तब्येत बघता हजार-अकराशे हाती लागतात असं धरा. एक कूलर, दोन पंखे, चार दिवे मिळून साडेतीनशे वॅट झाले तर तीन तास निघतात. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) पंखे घेतलेत तर आणखी ताणता येईल. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तीस-पस्तीस.

पण इन्व्हर्टरची लाइन आजच वेगळी हवी, आणि तिचा न्यूट्रलही वेगळा. ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण नवीन घरातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे सापडतं. फिटिंगवाला पोरगा वायर वाचवायला दोन सर्किटांचा न्यूट्रल एकच करतो. जुन्या फ्यूजच्या काळात ते खपून जायचं. आता आरसीसीबी लावला की करंट एका वाटेने जातो आणि दुसऱ्या वाटेने परत येतो, हिशेब जुळत नाही, आणि खटका दिवसातून दहा वेळा पडतो. मग कोणीतरी शहाणा येतो आणि "हा पीसच खराब आहे" म्हणत आरसीसीबी काढून टाकतो. त्यापेक्षा तुमच्या माणसाला आधीच सांगा: प्रत्येक सर्किटाचा फेज, न्यूट्रल आणि अर्थ आपापला, पार डीबीपर्यंत.

वायरीची मापं. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, साध्या सॉकेटांना अडीच, एसी-गिझर-इंडक्शनला प्रत्येकी स्वतंत्र चारची. कोणी म्हणेल दीड टनाचा एसी आठ अँपिअर घेतो, अडीचची बास झाली. इंदूरला किंवा नाशिकला बास झाली असेल. वायरीची क्षमता ठराविक तापमान धरून दिलेली असते. आपल्याकडे वरचा मजला होईपर्यंत तुमचा स्लॅब दिवसभर उघड्या उन्हात तापणार आणि वायर त्याच्या पोटात असणार. बाहेरच गरम असेल तर वायरीला आतली उष्णता टाकायला जागा राहत नाही, तिची ताकद उतरते. म्हणून मी एमसीबीही हात राखून लावतो: दीडला १०, अडीचला १६, चारला २०. मोटार आणि एसीला सी कर्व्हचा, म्हणजे क्षणभराचा जास्त करंट सोसणारा, कारण मोटार सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. वायर आयएसआय मार्कची, एफआर (आग लवकर न पकडणारी) किंवा त्याहून वरची. ९० मीटरचं सीलबंद बंडल तुमच्यासमोर फोडायला सांगा. फेजला लाल-पिवळी-निळी, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी. "हिरवी संपली म्हणून काळी टाकली" असं ऐकलं की काम तिथेच थांबवा.

आता येत्या आठ दिवसांचं खरं काम. सेंट्रिंग (स्लॅब ओतायचा साचा) झाली की एकदा वर चढा. सोबत खडू, टेप आणि ज्यांना त्या घरात राहायचंय ती माणसं घ्या. पलंग कुठे, कपाट कुठे, दार कोणत्या बाजूला उघडतं, हे तिथे सेंट्रिंगवरच खडूने आखा. दारामागे गेलेला बोर्ड आणि कपाटामागे गेलेलं सॉकेट मी शेकड्याने पाहिलेत. पंखा खोलीच्या मधोमध लागतो की पलंगाच्या मधोमध, तेही तेव्हाच ठरवा; लांबट हॉलला एक नाही, दोन पंखे.

स्लॅबमध्ये २५ मिलिमीटरचा, मीडियम जाडीचा पीव्हीसी पाईप टाका. पातळ पाईप उन्हात लोखंडावर पडला की मऊ पडतो, वरून घमेलं घेऊन बाई चालली की चपटा होतो, आणि हे कळतं सहा महिन्यांनी, वायर ओढताना. पाईप लोखंडाच्या खालच्या जाळीवर बसवायचा, सेंट्रिंगला टेकलेला नको. चार-पाच पाईप एकमेकांना चिकटून नेऊ नका, मध्ये काँक्रीट शिरायला जागा ठेवा, नाहीतर त्या रेषेत स्लॅबला चीर जाते. वळणाला एल्बो नको, लांब बेंड हवा. जोड सोल्युशन लावूनच. फॅनबॉक्सची सळई जाळीला बांधलेली आहे का ते हाताने ओढून बघा. बॉक्सची तोंडं कागद कोंबून, टेप लावून बंद करा.

काँक्रीट पडताना फिटिंगवाल्याचा एक माणूस वर हवाच. व्हायब्रेटर लागून जोड निसटतो तो त्याच वेळी, आणि तेव्हा तो दोन मिनिटांत बसवता येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात स्लॅब पहाटे सुरू करतात, तर त्या माणसाला चहा पाजा पण जाऊ देऊ नका. आदल्या दिवशी, टेप बाजूला धरून, प्रत्येक खोलीच्या पाईपांचे फोटो काढा. भिंतीत झिऱ्या (पाईपांसाठी खाचा) मारून झाल्या की प्लास्टरच्या आधी पुन्हा काढा. दहा वर्षांनी कोणी पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल घेऊन आलं की हे फोटो सोन्याचे होतात.

वरच्या मजल्यासाठी जिन्याजवळून ४० चा एक पाईप आजच वर काढून ठेवा. सोलरसाठी गच्चीपासून मीटरपर्यंत आणखी एक, वेगळा. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली. तिच्यात २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा वर असलं की एकूण ७८ हजार अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि रोजची चारेक युनिटं निघतात. तुम्ही गच्चीवर झोपणारी माणसं असाल, तर पॅनेलचा सांगाडा माणूस खालून फिरेल एवढा उंच करून घ्या, दिवसा सावली होते. आणि गच्चीवर एक दिवा आणि टेबलफॅनचं एक सॉकेट, पाऊस लागणार नाही अशा आडोशाला. लाइट गेली की सगळं घर तिथेच जमतं.

बाकीच्या उंच्या पटकन: स्विचबोर्ड जमिनीपासून सव्वाचार फूट. ओट्यावरची सॉकेटं ओट्यापासून वीतभर वर, शेगडीच्या डोक्यावर नाही आणि सिंकच्या शेजारीही नाही. एसीचा पॉइंट सात-साडेसात फुटांवर, गिझरचा तसाच वर, पण त्याचा स्विच बाथरूमच्या बाहेर. जिन्याला आणि बेडरूमला टू-वे स्विच, एकच दिवा दोन जागांहून चालू-बंद होणारा. मागच्या अंगणात दिवा आणि एक सॉकेट, कारण मांडे काय आणि भरिताची वांगी काय, आपल्याकडे अर्धा स्वयंपाक तिथेच होतो. पार्किंगमध्ये चारच्या वायरीवर १६ अँपिअरचं एक सॉकेट. आज गाडी नसली तरी इलेक्ट्रिक स्कूटर येणारच. हॉलमधल्या पीओपीतल्या रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांबद्दल मला विचारू नका. तीन वर्षांत त्यातली निम्मी बंद पडते, बाकी तुमची हौस.

अर्थिंग मात्र हौसेची गोष्ट नाही. तुमची जमीन काळी असेल तर पावसाळ्यात फार छान अर्थ मिळतो आणि मे महिन्यात तीच जमीन फाटून भेगा पडतात, मातीची नळीवरची पकड सुटते. म्हणजे कूलर चालू असताना, जेव्हा अर्थ सगळ्यात जास्त लागतो, नेमका तेव्हाच तो कमजोर. सातपुड्याच्या पायथ्याकडे मुरूम किंवा खडक लागला तर आणखी कठीण. किमान अडीच मीटर लांबीची, ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) नळी, भोवती कोळसा आणि मीठ, पायापासून दीड मीटर तरी लांब. वर नरसाळं आणि झाकण. खड्डा अशा जागी घ्या की बाथरूमचं किंवा धुण्याचं पाणी जवळून जाईल, नाहीतर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादली ओतायची. झाल्यावर अर्थ मोजायचं मीटर लावून मोजून घ्या. पाच ओहमच्या आत आलं पाहिजे. टेस्टिंग बल्ब लावून "बघा, पेटला" हे मोजणं नव्हे.

शेवटी वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. तो नुसता सही करून देतो म्हणाला तर थांबवा. ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासायला लावा. एक मेगओहमच्या खाली एखादं आलं तर त्या पाईपात कुठेतरी खिळा किंवा पाणी शिरलंय.

आणि हो, झोका. तुमच्याकडे लेकी येणार म्हणजे हॉलमध्ये झोका लागणारच. फॅनबॉक्सच्या हुकाला झोका टांगू नका, तो त्यासाठी नसतो. इंजिनिअरला विचारून बीममध्ये जाड सळईचे दोन हूक काँक्रीटच्या आधी बांधून घ्या, आणि त्या हुकांच्या आसपास दोन फुटांत एकही पाईप जाऊ देऊ नका. पंखाही झोक्याच्या वाटेतून बाजूला घ्या. हे गवंड्याला आणि फिटिंगवाल्याला एकाच वेळी, समोरासमोर उभं करून सांगा, नाहीतर दोघंही म्हणतील दुसऱ्याने सांगितलं नाही.